मुंबईत नवी नोकरी लागली, आता खोली कुठे घ्यायची? हिशोब असा करा

मुंबईत नोकरी पक्की झाली की घरचे आधी विचारतात, राहणार कुठे? मग बहुतेक जण भाडं कुठे कमी आहे ते बघत सुटतात. माझा आग्रह आहे की शोध ऑफिसच्या दारापासून सुरू करा आणि भाडं अधिक प्रवास अशी बेरीज मांडूनच होकार द्या. लोकलचा पास स्वस्तच असतो. पैसे जातात ते स्टेशनपर्यंत पोचण्यात आणि स्टेशनवरून पुढे जाण्यात.

आधी हातात किती येणार ते काढा

पॅकेज वर्षाला ३ लाख ६० हजार असेल, तर महिन्याला ३० हजार मिळतील असं धरू नका. समजा मूळ पगार १५ हजार आहे. त्यावर पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये तुमचे कापले जातात. कंपनी भरते ते १,८०० रुपयेही बऱ्याचदा याच पॅकेजमध्ये मोजलेले असतात. शिवाय महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. (महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही.) म्हणजे हातात पडतात साधारण २६,२००. ग्रॅच्युइटी आणि विमाही त्यातच धरला असेल तर आणखी कमी. एचआरला सरळ विचारा, त्यात संकोच नको. पहिला पगार महिना भरल्यावरच येतो, तेव्हा तोवरचा खर्च आणि डिपॉझिट आधीच बाजूला काढून ठेवा.

ऑफिसचा नेमका पत्ता मिळवा

ऑफिस अंधेरीला आहे, एवढ्याने काही कळत नाही. पूर्वेला की पश्चिमेला, स्टेशनपासून चालत की बसने, जवळ मेट्रो आहे का, हे सगळं विचारा. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, कामाला जाणाऱ्यांना पूर्वी वांद्रे किंवा कुर्ल्याला उतरून बस नाहीतर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागायचं. आता तिथे मेट्रो ३ चं स्टेशन आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती गाडी आरे ते कफ परेड अशी पूर्ण मार्गावर धावते. जुन्या सहकाऱ्याने तीन-चार वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून दिलेला सल्ला त्यामुळे एकदा तपासून घ्या.

मग बेरीज मांडा

नवी मुंबईतल्या ऐरोलीचं उदाहरण घेऊ, कारण तिथल्या आयटी पार्कांत नव्याने लागणारी मुलंमुली पुष्कळ असतात. समजा डोंबिवलीत कॉटची जागा, म्हणजे वाटून घेतलेल्या खोलीत एक पलंग, ७,००० रुपयांना मिळते आणि ठाण्यात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर ८,५००ला. वरवर पाहता डोंबिवलीत दीड हजार वाचतात. पण डोंबिवलीची खोली स्टेशनपासून लांब असेल आणि शेअर रिक्षाला माणशी २० रुपये धरले, तर जाऊन-येऊन ४०. महिन्याचे २५ दिवस धरले की १,००० रुपये तिथेच गेले. दीड हजारातले उरले पाचशे, आणि डोंबिवलीहून पासही थोडा महाग पडतो.

आता वेळ बघा. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत ठाण्याला यायचं, पूल चढून ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या, फलाटावर जायचं आणि तिथून ऐरोली. ठाण्यात राहणाऱ्याला ट्रान्सहार्बरची गाडी सुटते तिथूनच मिळते. गाडी लागली की आत जाऊन बसायचं, मधे फक्त दिघा गाव, की ऐरोली. संध्याकाळी ठाण्याला उतरून कल्याणच्या दिशेची गाडी पकडणं काय असतं, ते एकदा सात वाजता फलाटावर उभं राहून बघा. त्या उरलेल्या पाचशे रुपयांसाठी तो त्रास रोज घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही.

पण डोंबिवलीची खोली स्टेशनला लागून असेल तर हिशोब फिरतो. रिक्षाचे हजार वाचतात आणि तीच खोली परवडते. म्हणून उपनगराचं नाव बघून ठरवू नका.

तुमचे आकडे घालताना हे दर हाताशी ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मीटरच्या रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला २६ रुपये झालं, म्हणजे रोज दोन वेळा एकट्याने केली तर महिन्याचे १,३००. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान तिकीट साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालं. बसने तेच अंतर ५०० ते ६०० रुपयांत होतं.

खोली कामाच्या दिवशी बघा

रविवारी दुपारी खोली बघू नका. सोमवार ते शुक्रवार, ज्या वेळी निघणार त्याच वेळी खोलीपासून ऑफिसच्या दारापर्यंत एकदा जाऊन या. जाहिरातीतली 'स्टेशनपासून दहा मिनिटं' स्वतः चालून बघा. इथून सुटणाऱ्या लोकल कोणत्या वेळेच्या आहेत, बदलायच्या स्टेशनावर पुलासमोर कितवा डबा येतो, हे फलाटावरच्या रोजच्या प्रवाशाला विचारा, लोक आनंदाने सांगतात. इमारतीतल्या कुणाला पाणी किती वाजता येतं आणि पावसात गल्लीत साचतं का, तेवढंही विचारून घ्या.

करार नोंदवून घ्या

भाड्याची खोली घेताना लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे. 'अकराच महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' असं एजंट म्हणेल, ते खरं नाही. नोंदणी ऑनलाइन होते. डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि त्याची रक्कम करारात लिहून घ्या. आत जाण्याआधी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकाला पाठवा.

पास

तिकीट खिडकीवर किंवा अ‍ॅपवर पास निघतो. ओळखपत्र जवळ ठेवा, कारण पासावर त्याचा क्रमांक असतो आणि तपासणीत ते दाखवावं लागतं. गाडी बदलून जाणार असाल तर मार्ग नीट निवडा. डोंबिवली ते ऐरोलीचा पास ठाण्यामार्गेच हवा. साध्या पासावर एसी लोकलमध्ये चढू नका, दंड किमान २५० रुपये आणि वर भाडं. तिमाही पास मासिकच्या २.७ पट पडतो, सहामाही ५.४ पट. तरीही पहिल्या महिन्याला मासिकच काढा. खोली किंवा शिफ्ट बदलायची शक्यता पहिल्या महिन्यातच सर्वांत जास्त असते.