सजगतेचा सराव: एक उंडो आणि एक फेरी

सजगता म्हणजे मन रिकामं करणं नव्हे. सुशेगाद पडून राहणंही नव्हे. जे चाललंय ते चालू असतानाच कळणं, एवढंच. पाली ग्रंथांत याला 'सति' म्हणतात. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांना हे शिकवायला घेतलं. त्यांच्या 8 आठवड्यांच्या अभ्यासक्रमात एक मनुका सावकाश खायला लावतात. गोव्यात मनुका शोधायला नको, सकाळी भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, उंडो हा कडक कवचाचा गोल पाव पुरे.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उंडो अर्धा मिनिट नुसता धरा. ऊब कुठल्या बोटाला जास्त लागते? मग मोडा, वरचं कवच तडकतं ते ऐका, आतला वास घ्या. पहिला घास चहात न बुडवता पंधरा-वीस वेळा चावा. चावता चावता तो गोडसर लागू लागतो, कारण लाळ पिठातल्या पिष्टाची साखर करत असते. हा बदल जिभेला कळला की सराव झाला. उरलेला खुशाल बुडवून खा. सगळी न्याहारी अशी करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल.

बसून करायचा सराव पहिला आठवडा 5 मिनिटं, पुढे 10. पाटावर अवघडण्यापेक्षा खुर्ची बरी, पावलं जमिनीला टेकलेली. नाकपुडीशी श्वास जाणवतो तिथे लक्ष ठेवून प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहापर्यंत, की पुन्हा एक. बहुतेकांची गाडी तीन-चारवरच घसरते. घसरू दे, एकवर या. व्यायाम आहे तो या परत येण्यातच. सतरा-अठरापर्यंत पोचलात तर तोंड मोजतंय आणि मन मडगावच्या बाजारात आहे. डोकं गरगरल्यासारखं झालं तर श्वास मुद्दाम ओढला जातोय, मोजणी थांबवून तो आपोआप चालू द्या. शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, जेवून लगेच बसलात तर झोपच येणार. डोळे मिटल्यावर भीती किंवा जुने प्रसंग अंगावर आले तर डोळे उघडा, तळपायांचा स्पर्श शोधा. वारंवार होत असेल तर सराव बंद करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

दिवसभरातली सगळ्यात सोयीची जागा म्हणजे रायबंदर-चोडण फेरी, म्हणजे नदी ओलांडणारी फेरीबोट. स्कूटर चालवताना श्वास मोजू नका, तिथे रस्ता हीच सजगता. फेरीत मात्र स्कूटरचं इंजिन बंद असतं आणि करण्यासारखं काही नसतं. आधी तळपायांना जाणवणारी लोखंडाची थरथर, मग पाण्याचा आवाज, मग तोंडावरचा वारा, एकेक करून. मध्येच साहेबांशी झालेलं भांडण आठवलं तर मनात 'विचार' एवढंच म्हणा आणि पुन्हा पायांकडे. जबडा आवळलेला सापडेल, तो सैल सोडा.

पलीकडच्या धक्क्याला फेरी टेकायच्या आधीच सगळ्यांची इंजिनं सुरू होतात. आपला हात चावीकडे कधी जातो, ते पकडून बघा. पहिले काही दिवस तो आधीच गेलेला असेल.