हैतीला चर्चच्या टीमबरोबर जाताय?

अमेरिकेतल्या चर्चच्या टीम हैतीला जातात त्या बहुधा आठवडाभरासाठी, आणि कामांची यादी हातात घेऊनच. शाळेची भिंत रंगवायची, मुलांना गाणी शिकवायची, औषधं वाटायची. मीही अशाच एका टीममधून उत्तरेकडे, काप-आयसियाँच्या बाजूला गेले होते. नव्याने जाणाऱ्यांना माझं सांगणं एकच: आधी नमस्कार-चमत्कार शिका, ब्रश नंतर हातात घ्या.

दुपारपर्यंत 'बाँजू', दुपारनंतर 'बाँस्वा'. दुकानात शिरताना, टॅप-टॅपमध्ये (म्हणजे अंगभर चित्रं काढलेलं तिथलं वडाप) चढताना, अनोळखी माणसालासुद्धा. खेड्यात कुणाच्या अंगणात जायचं तर बाहेरूनच 'ओने!' अशी हाक द्यायची. आतून 'रेस्पे!' आलं की मगच पाऊल टाकायचं. आमच्यातले दोघे-तिघे हे न करता थेट कामाला भिडले. घरच्या आजी शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

रविवारचे कपडे घरूनच नीट न्या. उपासना चांगली दोन-तीन तास चालते. पाणी डोक्यावरून आणायचं, इस्त्री कोळशाची, तरी मुलींच्या झालरींना एक चुणी नाही आणि पुरुषांचे बूट चकचकीत. माझं बालपण नगरकडच्या चर्चमध्ये गेलं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. आमचे काही गडी मात्र उकडतं म्हणून हाफ पँटीत आले, आणि पाहुणे म्हणून त्यांना बसवलं नेमकं पहिल्या बाकावर!

जेवणाची काळजी मराठी माणसाने करू नये. राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांचा भात, तळून चेपलेली कच्ची केळी आणि सोबत पिक्लिझ: कोबी-गाजर-मिरचीचं व्हिनेगरमधलं झणझणीत लोणचं. बाजारात मात्र भाव नीट ऐका. चलन गूर्द, पण भाव सांगतात 'हैतियन डॉलर'मध्ये. अशी नोटच नाही. 5 गूर्द म्हणजे एक डॉलर, हा नुसता तोंडी हिशोब. वीस म्हणाले की शंभर गूर्द काढायचे.

'बिचारे' हा शब्द विमानतळावरच सोडा. गुलामांनी फ्रेंच सैन्याला हरवून 1 जानेवारी 1804 रोजी उभा केलेला हा देश आहे. दर 1 जानेवारीला घरोघरी भोपळ्याचं सूप जूमू शिजतं, ते त्याच स्वातंत्र्याचं. अशा लोकांना भिंत रंगवता येत नाही असं आपण का समजतो? रंगारी, गवंडी गावातच आहेत, काम नाही म्हणून बसलेले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांना मजुरी देऊन बोलावलं आणि स्वतः हाताखाली राहिलो. भिंत लवकर झाली, सरळही झाली.

सध्याची गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये पोर्त-ओ-प्रँसला विमानांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अमेरिकन कंपन्यांनी राजधानीची उड्डाणं थांबवली. तेव्हा तारीख तुमच्या चर्चने नव्हे, तिथल्या पास्टरांनी ठरवू दे. ते 'येऊ नका' म्हणाले तर तिकिटाचे पैसे तिथल्या शिक्षकांच्या पगाराला पाठवा.