शुगरच्या गोळ्या घेताना किडनी कशी जपावी

मी फार्मासिस्ट आहे. मधुमेहाची चिठ्ठी घेऊन येणारे बहुतेक जण दबक्या आवाजात विचारतात, "एवढ्या गोळ्यांनी किडनी जाणार नाही ना?" या भीतीपायी काही जण गोळ्या सोडून देतात, तेव्हा माझा जीव तुटतो. कारण किडनीला खरी झीज लागते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरची आणि रक्तदाबाची.

मेटफॉर्मिन हे शुगरचं नेहमीचं औषध किडनी बिघडवत नाही. ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी मंदावली की रक्तात साठतं आणि मग डोस बदलावा लागतो. तेव्हा आधी किडनीचा आकडा माहीत हवा. वर्षातून निदान एकदा ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा रक्ततपासणीतून काढलेला अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळतं ते) तपासा. रक्तातल्या नुसत्या क्रिएटिनिनवर (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, जो किडनी बाहेर टाकते) विसंबू नका. वयस्कर, किरकोळ अंगाच्या माणसात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी मंदावली तरी ते नॉर्मल दिसू शकतं.

ईजीएफआर फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. तो 45 च्या खाली गेला की मेटफॉर्मिनचा डोस सहसा कमी करतात, 30 च्या खाली ते बंद करतात. शुगरच्याच गोळ्यांपैकी सिटाग्लिप्टिनचा डोसही उतरवावा लागतो, लिनाग्लिप्टिनचा नाही. ग्लिबेनक्लामाइड असेल तर पर्याय विचाराच, कारण कमजोर किडनीत ते शुगर धोकादायक खाली नेतं. आणि पूर्वीपेक्षा कमी इन्सुलिन अचानक पुरेसं होऊ लागलं तर शुगर बरी झाली असं समजू नका. किडनीच इन्सुलिन बाहेर टाकेनाशी झालेली असू शकते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या) सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा उतरतो. रिपोर्ट बघून घाबरून गोळी सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. हीच औषधं पुढे किडनीची घसरण मंदावतात; किडनीच्या रुग्णांवर डापाग्लिफ्लोझिन तपासणाऱ्या 2020 मधल्या डापा-सीकेडी चाचणीत ते स्पष्ट दिसलं.

आता खरा चोर. गुडघा दुखला, कंबर धरली की चिठ्ठीशिवाय घेतलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक. या गोळ्या किडनीत रक्त आणणारी वाट आवळतात. सोबत रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातली गोळी असेल तर बाहेर जाणारी वाट सैल असते, आणि लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्या की गाळणीतला दाब कोसळतो. म्हणून दुखण्याला आधी पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. सर्दी-तापाच्या मिश्र गोळीवरची घटकांची नावं वाचा, आयबुप्रोफेन तिथेही लपलेलं असतं.

उलट्या-जुलाब होऊन पाणीही ठरत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, प्रिल-सार्टन आणि लघवीच्या गोळ्या अशा वेळी सहसा तात्पुरत्या थांबवतात आणि खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर एक-दोन दिवसांत परत सुरू करतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करायचं नाही. कोणती थांबवायची, कोणती नाही, हे तब्येत ठीक असतानाच लिहून घ्या.

कॉन्ट्रास्टचं (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून औषध देऊन केलेलं) सीटी स्कॅन ठरलं तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं आधी सांगा. ईजीएफआर कमी असल्यास ते थांबवतात आणि 48 तासांनी किडनी तपासून मगच परत देतात.