उचललेल्या जिप्सीची थरथर: आधी कोन मोजा, मग पाचर घाला

जिप्सीसारखी गाडी उंच करून घेतली, चार-पाच इंच उचलली, की थरथर येते, आणि ती आली की लोक आधी टायरवाल्याकडे जातात. चारही चाकांचं बॅलन्सिंग होतं, अलाइनमेंट होते. मग कुणीतरी क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे जोड, बदलायला सांगतं, शेवटी इंजिनाचा जोर एक्सलपर्यंत नेणारा हा शाफ्टही बॅलन्सिंगला जातो. पैसे जातात, थरथर जात नाही. उचललेल्या गाडीत बऱ्याचदा सगळे पार्ट धडधाकट असतात. बिघडलेले असतात ते त्यांच्यामधले कोन. आणि कोन मोजायला वर्कशॉप लागत नाही. लोखंडाला चिकटणारं स्वस्तातलं डिजिटल अँगल गेज आणि सपाट जमीन पुरते.

माझी नोकरी पीथमपूरला टूलरूममध्ये झाली. आता इंदूरला सुदामानगरमध्ये घरामागच्या शेडमध्ये जिप्स्या आणि जुन्या जीपा बघतो. खाली जे आकडे येतील ते भाच्याच्या जिप्सीचे आहेत. जिप्सीचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कंपनीतून एक्सलच्या खाली यायचे. त्याने ते एक्सलच्या वर घेतले, म्हणजे गाडी साधारण पाच इंच वर गेली. "मामा, पन्नासच्या पुढे सीटखालून घूं-घूं येतं आणि पहिल्या गिअरला निघताना गाडी कुडकुडते," हे त्याचं वर्णन. ते नीट ऐकण्यासारखं आहे, कारण अर्धं निदान त्यातच आहे.

आधी क्रॉस काय करतो ते बघू. शाफ्ट सरळ रेषेत फिरत असेल तर एका बाजूची गती जशीच्या तशी दुसऱ्या बाजूला जाते. क्रॉसमध्ये कोन पडला की मात्र एका फेरीत दोनदा गती वाढते आणि दोनदा कमी होते. ३ अंशांना हा चढउतार नगण्य असतो. १० अंशांना तो दीड टक्का वर, दीड टक्का खाली होतो आणि २० अंशांना सहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणूनच शाफ्टला दोन क्रॉस असतात: पुढच्याने जे बिघडवलं ते मागच्याने निस्तरायचं. त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एकाच रेषेत हवेत. दुसरी अट आधी तपासा, तिला पैसे लागत नाहीत. शाफ्टचे दोन तुकडे ज्या दात्यांवर एकमेकांत सरकतात त्या स्प्लाइनवरून शाफ्ट ओढून काढला आणि एक-दोन दात सरकवून बसवला की उत्तम गाडीसुद्धा थरथरते. काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारायची, बस.

आता निदान. गेज काढण्याआधी गाडी धुवा, आणि रिमच्या आतली बाजू हाताने चाचपा. आपली माळव्याची काळी माती रिममध्ये एका बाजूला थापून बसते आणि वाळली की दगडासारखी होते. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने ती निघत नाही, खरवडावी लागते. पावसाळ्यात चोरल किंवा जानापावहून आलेल्या गाड्यांची निम्मी थरथर मी लोखंडी पट्टीने काढली आहे. त्याच वेळी शाफ्टच्या नळीवर पोचा आहे का, बॅलन्सचा तुकडा उडाला आहे का, शाफ्ट ज्या चकत्यांना जोडतात त्या फ्लँजचे बोल्ट घट्ट आहेत का, क्रॉसमध्ये खेळ आहे का आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) रबर फाटलेत का, हे बघून घ्या.

मग बायपास. राऊ ते मांगलिया, भल्या पहाटे, ट्रक कमी असतात तेव्हा. ज्या वेगाला थरथर येते तिथे गाडी न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर बदलते, तर कोनावर संशय घ्या, कारण जोर लागला की पिनियनचं, म्हणजे एक्सलमध्ये शाफ्टचा जोर घेणाऱ्या दातेरी दांड्याचं, नाक वर उठतं आणि कोन बदलतो. निघतानाची कुडकूड ही तर कोनाची जवळजवळ सहीच. उलट, अ‍ॅक्सिलरेटरशी संबंध नाही, फक्त वेगाबरोबर वाढत जाते, तर बॅलन्स बघा.

फोनमध्ये कंपन मोजणारं अ‍ॅप असेल तर काम आणखी सोपं. २३५/७५ आर १५ टायर ८० च्या वेगाला मिनिटाला साधारण ५८० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला दहाच्या आत. एक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ४ धरला तर शाफ्ट सुमारे २३०० फेऱ्या घेतो, सेकंदाला ३८-३९. कोनाची थरथर फेरीला दोनदा येते, म्हणजे सेकंदाला ७७ च्या आसपास. अ‍ॅपवर टोक दहाजवळ दिसलं तर चाक, चाळिशीच्या आत दिसलं तर शाफ्टचा बॅलन्स, सत्तरीच्या पुढे दिसलं तर कोन. आपला टायर आणि रेशो घालून हिशेब करून घ्या.

मोजताना गाडी जॅकवर नको. चाकं जमिनीवर, सपाट फरशीवर, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल, आणि मोजण्याआधी गाडी दोन-तीन हात पुढेमागे ढकलायची, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. तीन आकडे घ्यायचे. पहिला ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजचा. फ्लँजचं तोंड केसमधून बाहेर येणाऱ्या दांड्याला काटकोनात असतं, म्हणून गेज उभं लावायचं आणि ओळंब्यापासून किती अंश झुकलं ते वाचायचं. दुसरा आकडा शाफ्टच्या नळीचा. गेजच्या चुंबकाखाली गंज किंवा ग्रीस राहिलं तर अर्धा अंश तिथेच जातो, तेव्हा ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. तिसरा पिनियनच्या फ्लँजचा. वरून बघताना शाफ्ट आडवाही तिरका जात असेल तर तो कोनही धरावा लागतो. दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि तिचं वर्गमूळ, तो क्रॉसचा खरा कोन.

भाच्याच्या गाडीत ट्रान्सफर केस मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकलेला, शाफ्ट १३ अंश उतरता आणि पिनियनचं नाक ७ अंश वर निघालं. म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन १३ वजा ३, दहा. मागच्याचा १३ वजा ७, सहा. ज्याने पाट्यांच्या बैठका वेल्ड केल्या त्याने चांगल्या हेतूनेच पिनियनचं नाक शाफ्टकडे वर केलं होतं. शाफ्ट जितका सरळ तितका बरा, हा त्यामागचा विचार. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला तो लागू पडत नाही. अशा शाफ्टला पिनियन ट्रान्सफर केसच्या समांतर हवा. किती बिघडलं ते काढायचं तर दहाचा वर्ग वजा सहाचा वर्ग, चौसष्ट, त्याचं मूळ आठ. दोन क्रॉस असूनही ती गाडी ८ अंशांचा एकच क्रॉस असल्यासारखी चालत होती. हा आकडा ३ च्या आत असावा असा दंडक आहे.

समांतर करायचं तर नाक ३ अंशांवर हवं. पाट्यांच्या गाडीत जोर लागला की नाक एखाद-दोन अंश उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते २ वर ठेवायचं. म्हणजे ७ वरून २, पाटे आणि एक्सलची बैठक यांच्यामध्ये पाच अंशांची पाचर. इथे दिशा चुकली की सगळं उलटं होतं, म्हणून नीट बघा. पाटे एक्सलच्या वर असतील आणि मागच्या एक्सलचं नाक खाली करायचं असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे. नाक वर करायचं असेल तर जाड बाजू मागे. पाटे कंपनीसारखे एक्सलच्या खाली असतील तर हे बरोबर उलट. पाचर लोखंडाचीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमची यू बोल्टखाली दबते आणि फुटते. सेंटर बोल्ट, म्हणजे पाट्यांच्या मधोमध असतो तो, तेवढा लांब लागेल, आणि त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलंच पाहिजे, नाहीतर एक्सल सरकतो. पाच-सहा अंशांच्या वर जायचं असेल तर पाचरीचा नाद सोडून बैठका कापा. नव्या बैठका फक्त टाके मारून धरायच्या, गाडी चाकांवर उतरवायची, मोजायचं, आणि मग पूर्ण वेल्डिंग. तेही थोडं इकडे, थोडं तिकडे, थंड होऊ देत. एकदम ओढलं तर एक्सलची नळी वाकते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढा.

पण कोन समान झाले म्हणजे काम संपलं असं नाही. मधला शाफ्ट तर गती बदलत फिरतोच. शाफ्ट आणि क्रॉस बनवणाऱ्या स्पायसरच्या तक्त्यात शाफ्टच्या फेऱ्यांनुसार क्रॉसच्या कोनाची मर्यादा दिली आहे: १५०० ला ११.५ अंश, २००० ला ८.७, २५०० ला ७, ३००० ला ५.८. पाचरीनंतर भाच्याची गाडी दहा-अकरावर. ६० च्या वेगाला शाफ्ट सुमारे १७५० फेऱ्या घेतो, तिथे ती काठावर बसते. ८० ला बसत नाही. शिवाय कोन मोठे असले की एका अंशाचा फरकही महाग पडतो: १० आणि ११ चा हिशेब साडेचार येतो, ४ आणि ५ चा तीन. मी त्याला स्पष्ट सांगितलं, महूपर्यंत साठने जायचं आणि पुढे जानापाव चढायचा असेल तर एवढं पुरे. मुंबईच्या रस्त्याला ऐंशी-नव्वदने लागायचं असेल तर मागे डबल जॉइंटचा, म्हणजे ट्रान्सफर केसकडच्या टोकाला दोन क्रॉस लागोपाठ जोडलेला, शाफ्ट बनवून घे, किंवा गाडी दोन इंच खाली आण. माझं मत विचाराल तर मी खाली आणेन. पाच इंच उंची फोटोत शोभते, चढावर तीन इंच आणि चांगले टायर पुरतात.

डबल जॉइंट घेतला तर नियम बदलतो. तिथे ट्रान्सफर केसकडचा जोड आपला चढउतार स्वतःच निस्तरतो, म्हणून पिनियनचं नाक सरळ शाफ्टच्या रेषेत ठेवायचं, उभ्या गाडीत एखाद-दोन अंश खाली. नाक इतकं वर गेलं की डिफरेन्शियलचं तेल मागे राहतं आणि पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. भरायच्या भोकाची पातळी आता खरी राहिलेली नसते, त्यामुळे तेल थोडं जास्त लागतं; ब्रीदरची, म्हणजे आतली हवा सोडणारी, नळी वर घ्या, म्हणजे ते बाहेर येणार नाही. आणि कुठल्याही क्रॉसचा कोन अगदी शून्य करू नका. अर्धा-एक अंश हवाच, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी राहून खाचा पाडतात.

ट्रान्सफर केस खाली आणण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. जिप्सीत जरा थांबा. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा आहे आणि मधे एक आखूड शाफ्ट आहे. केस इंचभर खाली आला तर मागचा कोन थोडा सुधारतो आणि त्या आखूड शाफ्टचा कोन एकदम वाढतो. थरथर मागून निघून पायाखाली येते.

पुढच्या एक्सलला तर पिनियनसाठी हात लावूच नका. तिथे नाक वर केलं की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा झुकाव, कमी होतो, स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि गाडी रस्ता सोडायला बघते. थरथर सहन होते, हे होत नाही. जिप्सीला फ्री व्हील हब आहेत, म्हणजे पुढची चाकं एक्सलच्या दांड्यांपासून सोडवता येतात. डांबरी रस्त्यावर ते मोकळे ठेवले की पुढचा शाफ्ट फिरतच नाही, आणि चिखलातल्या वेगाला तो कोन चालून जातो. यातून एक चाचणीही मिळते: हब मोकळे केल्यावर घूं-घूं गेली तर ती पुढून येत होती.

शेवटी गाडी चेसिसवर उचलून एक्सल पूर्ण लोंबू द्या आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा. योक कुठे घासतो का, आणि स्प्लाइन पुरेशी आत आहे का? दोन बोटांइतकीच उरली असेल तर शाफ्ट लांबवून घ्या आणि त्यानंतरच बॅलन्सिंगला द्या. पाचर घातल्यावर शाफ्टचा उतारही थोडा बदलतो, म्हणून तिन्ही आकडे पुन्हा घ्या. भाच्याचा शाफ्ट साडेतेरावर गेला होता. शंभरेक किलोमीटर झाले की गाडी चाकांवर असतानाच यू बोल्ट पुन्हा आवळा. नव्या पाचरीवर ते सैल होतातच.