आगमनकाळ घरी कसा पाळावा: चार रविवारांची जागल

डिसेंबरच्या थंडीत रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तुरीत, हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून माणसं जागलीला जातात. जागलीवरचा माणूस नुसता बसून राहत नाही. शेकोटी विझू देत नाही, बांधावरून फेरी मारतो, कारण पहाट होणार याची त्याला खात्री असते. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार आणि त्यांचे आठवडे, तसाच पाळायचा असतो. प्रभू येशू बेथलेहेमात जन्मला याची आठवण आणि तो पुन्हा येणार याची तयारी, दोन्ही या दिवसांत एकत्र चालतात.

आधी तारखा पक्क्या करा. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, मग ६, १३ आणि २० डिसेंबर. वेळ ठरवताना घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाचा विचार करा. कापूस वेचून आलेल्या बाईला जेवणानंतर डोळे उघडे ठेवणं कठीण जातं, आणि रात्रीची लाईन असली की कोणीतरी ओलिताला निघतो. म्हणून जेवणाआधीची दहा मिनिटं बरी.

आता मेणबत्त्यांचं चक्र. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न या पाळकांनी त्यांच्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही रीत पसरली. आपल्याकडे मोडक्या बैलगाडीचं चाक चर्चमध्ये शोभेल. घरी एक परात पुरते. तिच्यात चार बोटं ओली रेती भरा आणि चार मेणबत्त्या दोन-दोन बोटं खोल रोवा. कोरड्या रेतीत त्या कलतात. रीतीप्रमाणे तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. आठवडी बाजारात त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या घ्या आणि परातीच्या काठाला बाहेरून जांभळी पट्टी बांधा. मेणबत्तीला कागद किंवा कापड गुंडाळू नका, पेट घेतं. भोवती आंब्याची पानं लावा. निंबाची पानं वाळली की लगेच झडतात. दर शनिवारी पानं बदला.

पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी ती आणि आणखी एक, असं वाढवत न्यायचं. रोज दहा मिनिटं धरली तर २०२६ मध्ये २४ डिसेंबरपर्यंत पहिली २६ दिवस जळेल, म्हणजे सव्वाचार तासांहून थोडी जास्त. दुसरी १९ दिवस, तिसरी १२, चौथी फक्त ५. त्यामुळे पहिलीसाठी जाड मेणबत्ती निवडा. नाहीतर दिवाळीच्या चार पणत्या काढा, काही बिघडत नाही.

बायबल वाचनाचा लोभ धरू नका. आठवड्याला एकच उतारा, तोच रोज. म्हणजे तो शेतातही सोबत राहतो. पहिल्या आठवड्यात स्तोत्र १३०. पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी त्यात आहेत, आणि खोल संकटातून मारलेली हाकही आहे. दुसऱ्या आठवड्यात यशया ११:१-१०. तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटतो असं संदेष्टा म्हणतो, तेव्हा बांधावरच्या तोडलेल्या निंबाला फुटलेले कोंब मुलांना नेऊन दाखवा. तिसऱ्यात मरीयेचं गीत, लूक १:४६-५५. चौथ्यात देवदूताने मरीयेला दिलेला निरोप, लूक १:२६-३८.

वाचून झालं की दोन मिनिटं गप्प बसा. मग ज्याला वाटेल त्याने एक गोष्ट देवापुढे मांडावी: बँकेचा हप्ता, अडलेला चुकारा, आजारी माणूस. इथे फार मोठी चूक होते, ती म्हणजे ‘सगळं ठीक होईल’ असं घाईने बोलून टाकणं. ख्रिस्ती आशा कापसाच्या भावाची हमी देत नाही. देव अंधारातही सोबत असतो आणि शेवटचा शब्द त्याचा असतो, एवढं ती सांगते. ज्या घरात यंदा मृत्यू झाला आहे तिथे तर फक्त स्तोत्र वाचा, मेणबत्ती लावा आणि सोबत बसा.

रोज एक मूठ डाळ किंवा तांदूळ डब्यात टाकत जा. दर शनिवारी तो गरजू घरी पोचवा, आणि देताना त्यांच्याकडे थोडं टेका.

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा तुराट्यांचा करा, वर कडब्याचं छप्पर. मेणबत्त्यांपासून चार हात दूर ठेवा. गव्हाण मात्र रिकामी हवी. दिवसभरात कोणाच्या मदतीला धावलेल्या मुलाने तिच्यात गवताची एक काडी टाकावी, बाळ येईपर्यंत अंथरूण तयार होतं. ही रिकामी गव्हाण मुलं सहज समजून घेतात. मोठ्यांनाच घाई होते. पहिल्याच आठवड्यात तारा, लाईटिंग आणि स्पीकरवर नाताळची गाणी सुरू झाली की वाट पाहायला काही उरत नाही. तारा चौथ्या रविवारनंतर चढवा. बाळ २४ तारखेच्या रात्री गव्हाणीत ठेवा, आणि मागी लोकांना, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांच्या मूर्तींना, दाराजवळून रोज थोडं पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यापर्यंत आणा.