इंग्रजीतल्या गोड वाक्यांचा अर्थ लावताना या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या वर्गात येणाऱ्या बऱ्याच मुलांना इंग्लंड नाहीतर कॅनडा गाठायचं असतं. व्याकरण बरं असतं, स्पेलिंगही. घोटाळा होतो तो साध्या, मऊ वाक्यांत.

सगळ्यात महागात पडतं ते ‘यू माइट वॉन्ट टू...’. माझा एक विद्यार्थी इंग्लंडमध्ये एमएस्सी करत होता. प्रबंधाचा मसुदा पाठवल्यावर गाइडचं उत्तर आलं, ‘यू माइट वॉन्ट टू लुक अगेन ॲट चॅप्टर थ्री.’ पठ्ठ्यानं अर्थ घेतला, वाटलं तर बघ. त्याला वाटलं नाही. मार्क नेमके त्याच प्रकरणात गेले आणि वर मला फोन, “सर, त्यांनी सांगितलंच नाही!” सांगितलं होतं की. इंग्रज माणूस यापेक्षा स्पष्ट सहसा सांगत नाही. ‘तिसरं प्रकरण पुन्हा लिही’ एवढाच त्याचा अर्थ.

‘अ बिट’चंही तेच. एप्रिल १९५१मध्ये कोरियात इमजिन नदीवर चिन्यांचा लोंढा आला, तेव्हा ब्रिटिश ब्रिगेडियर थॉमस ब्रॉडीनं अमेरिकन वरिष्ठाला कळवलं, ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी.’ म्हणजे प्राण कंठाशी आलेत. अमेरिकनाला वाटलं, अवघड आहे पण धकतंय. पुढे ग्लॉस्टरशर रेजिमेंटची बटालियन वेढली गेली, शेकडो सैनिक कैद झाले. दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच, बरं का!

मी अशा मेलमधले माइट, परहॅप्स, अ बिट पेन्सिलीनं खोडतो आणि उरलेलं वाचतो. शास्त्रशुद्ध नसेल, पण फसत नाही.

‘क्वाइट गुड’ अमेरिकन म्हणाला तर खूश व्हा. ब्रिटिश म्हणाला तर बहुधा ‘ठीक आहे’ इतपतच. मात्र ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे दोघांकडेही साफ अशक्य.

‘हॅड बेटर’ म्हणजे ‘बरं होईल’ नव्हे. ‘यू हॅड बेटर रिप्लाय बाय मंडे’ असं साहेबांना लिहिलंत, तर ती धमकी झाली.

कोणी मदत मागितली तर ‘ऑफ कोर्स’ छान. माहिती विचारली तर नुसतं ‘येस’ म्हणा, नाहीतर ‘एवढंही कळत नाही?’ असं ऐकू जातं.

‘आय हॅव अ डाउट’ आपल्याकडे शंका, तिकडे संशय. ‘क्वेश्चन’ म्हणा.

‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. साडेतीन नव्हे!

‘लेट्स कॅच अप समटाइम’ ऐकून लगेच तारीख विचारणारेही भेटतात. अहो, बडोद्यात राहता ना? गुजराती शेजारी ‘आवजो’, म्हणजे ‘पुन्हा या’, म्हणून निरोप देतो, तेव्हा जिन्यातून परत वर जाता का?

आता ते व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्प्रचारांचं पीडीएफ. त्याचा मला मनस्वी राग आहे. आठ दिवसांत फाडफाड बोलायची घाई असलेली मुलं ते पाठ करतात आणि कुणाचे आजोबा गेले तर सांत्वनाच्या मेसेजमध्ये ‘किक्ड द बकेट’, म्हणजे ‘गचकले’, लिहितात. अर्थ बरोबर, पण पुढचा माणूस जन्मात बोलणार नाही. मी मुलांना वहीत तीन रकाने आखायला लावतो: वाक्य काय, कोण कुणाला म्हणालं, आणि ऐकणाऱ्यानं पुढे काय केलं. पहिला रकाना सगळे हौसेनं भरतात. तिसरा रिकामा दिसला की मी वही परत करतो.