मशीन चालून राहिली, कॉफी येऊन नाही राहिली

"काका, मशीन चालून राहिली, पण कॉफी येऊन नाही राहिली."

मागच्या उन्हाळ्यात त्रिमूर्तीनगरच्या एक मॅडम कापडी पिशवीत मशीन घेऊन दुकानात आल्या आणि हे बोलल्या. नागपुरात खामल्यात माझं मिक्सर, गीझर, इस्त्री दुरुस्तीचं दुकान आहे. आताशा कॉफी मशीनही येतात. खोलून पाहिली तर आत बिघाड काहीच नव्हता. जाळीत पावडर खळीसारखी चिकटून बसली होती. मशीन मुलानं बंगलोरहून पाठवलेली, पावडर मात्र घरातली फिल्टर कॉफीची, चाळीस टक्के चिकोरीवाली. चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, ती पाण्यात विरघळून चिकट होते, त्यात दळण बारीक, मग पाणी जाणार कुठून?

मशीन पसंत करताना मला कोणी विचारत नाही, बंद पडली की काका आठवतात. म्हणून घेण्याआधीच सांगून ठेवतो.

पहिले हे ठरवा, की तुम्हाला पाहिजे असलेली कॉफी कोणती. हसू नका. अर्ध्या गिऱ्हाइकांना खरं म्हणजे लग्नातली एस्प्रेसो पाहिजे असते. पितळी मशीनपाशी उभा माणूस पेल्यात कॉफी, साखर, दूध घालून वाफेची नळी बुडवतो, फुर्रर्र आवाज होतो, वर चॉकलेट पावडर भुरभुरली की झालं. ती इन्स्टंट कॉफीच असते, खऱ्या एस्प्रेसोशी, म्हणजे दाबानं उतरवलेल्या कडक कॉफीशी, तिचं फक्त नावाचं नातं. ती आवडत असेल तर सेलवर चालणारी दूध फेटायची काडी घ्या, दोन-चारशे रुपयांत काम होते. वीस हजारांची मशीन घेऊन ती चव येणार नाही, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाल, काका, फेस तसा नाही येत.

सदर भागातल्या इंडियन कॉफी हाउसात ज्यांची जीभ तयार झाली, किंवा शेजारच्या तमिळ काकूंच्या हातची कॉफी ज्यांना पाहिजे, त्यांनी स्टीलचा फिल्टर घ्यावा. त्यात बिघडायला काही नाही, आणि चिकोरी त्यातच शोभते. पाकिटावर कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे छापलेलं असते, ते वाचत जा. मशीनसाठी शंभर टक्के कॉफीचं पाकीट वेगळं ठेवा, दोन डबे सरमिसळ होऊ देऊ नका.

मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायची ती अठपैलू किटली. इटलीत 1933 साली निघाली, अजून तशीच आहे. एकट्या-दुकट्याला दूध घालून कडक कॉफी पाहिजे असेल तर मी हीच सांगतो. एक रबर रिंग बदलली की वर्षानुवर्षं चालते. इंडक्शन शेगडी असेल तर मात्र ॲल्युमिनियमची घेऊ नका, तापणारच नाही.

आता राहिले एस्प्रेसो, कॅपुचिनोवाले. इथे बाजारात सगळ्यात जास्त फसवाफसवी होते ती 'बार'च्या, म्हणजे दाबाच्या, आकड्यावर.

स्वस्तातल्या मशीनमध्ये पंप नसतो. बंद टाकीत पाणी उकळते, वाफेचा दाब पाण्याला पावडरीतून ढकलतो. तीन-चार बार दाब, त्यात पाणी जवळपास उकळतं, म्हणून कॉफी जळकट लागते. मी स्वतः पहिली मशीन अशीच घेतली होती. एकदा दाब उतरायच्या आत वरचं झाकण फिरवलं आणि मनगट भाजून घेतलं. एवढी वर्षं प्रेशर कुकर दुरुस्त करून राहिलेला माणूस मी! सौ. अजून ऐकवते.

पंपवाल्या मशीनवर 15 बार, 20 बार असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असते. तो पंपाचा जास्तीत जास्त दम. पावडरीवर लागतो साधारण 9 बार, आणि पाणी 90 ते 96 डिग्रीचं. तेव्हा 15 की 20 यावर पाच हजार जास्त मोजू नका. त्याऐवजी दुकानदाराला दांडीची वाटी, म्हणजे पोर्टाफिल्टर, काढून दाखवायला सांगा. आतल्या जाळीला खालून एकच बारीक भोक असेल तर ती दुहेरी जाळी. पाकिटातली तयार पावडर चालते, फेस वरवरचा का होईना, येतो. खालून चाळणीसारखी भोकंच भोकं असतील तर ती एकेरी जाळी. तिच्यात कॉफी खरी उतरते, पण दळण जमलं तरच: 18 ग्रॅम पावडर, 25 ते 30 सेकंद, कपात 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी. दहा सेकंदांत भसकन आली तर दळण जाड, थेंब थेंब पडून राहिली तर बारीक. दोन्ही जाळ्या डब्यात असलेली मशीन मिळत असेल तर तीच घ्या.

दळण म्हणाल तर मिक्सर नको. मिक्सरमधून निघते ते अर्धं पीठ, अर्धा रवा. पाणी रव्यातून पळून जाते आणि पिठात अडकते. जात्यासारखं दोन दात्यांत दळणारं यंत्र पाहिजे, बर ग्राइंडर. हातानं फिरवायचंही चांगलं मिळते. बजेट पंचवीस हजार असेल तर सगळे मशीनमध्ये घालू नका, चार-पाच हजार ग्राइंडरला काढून ठेवा. बिया घेताना भाजल्याची तारीख पाहा, महिन्याभरातली बरी. आपल्या विदर्भात चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे कितीतरी नागपूरकरांना माहीत नसते. फिरायला जाल तेव्हा मिळाली तर आणा.

कॅप्सूलवाली मशीन सोपी आहे, घाण नाही, पण ज्या कंपनीची मशीन तिच्याच मापाची कॅप्सूल लागते, आणि किराणा दुकानात ती मिळत नाही. घरात सहा जण पिणारे असतील तर महिन्याचा हिशेब आधीच मांडा. बटण दाबलं की दळण्यापासून सगळं करणारी ऑटोमॅटिक मशीन फार महाग, आणि आत इतक्या नळ्या-गिअर की खोलताना मलाच धडकी भरते.

आता पाणी, म्हणजे माझा खरा विषय. नळाचं, पेंच धरणाचं पाणी येत असेल तर थोडं निभावते. बेसा-बेलतरोडीकडे लेआउटमध्ये बोअरचं पाणी असेल तर तुमच्या गीझरची कॉइल आठवा. तोच पांढरा खार मशीनच्या आत साचतो, फरक इतकाच की इथल्या नळ्या बोटभरही रुंद नसतात. झटपट तापणाऱ्या मशीनमध्ये थर्मोब्लॉक, म्हणजे वाहतं पाणी तापवणारा धातूचा ठोकळा असतो, त्यातला पाण्याचा रस्ता तर फारच अरुंद. खार कमी करणाऱ्या फिल्टरचं पाणी वापरा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्व घालून ते फिरवा, मग दोन टाक्या साधं पाणी. व्हिनेगर नको, वास जाता जात नाही. आणि टाकी रिकामी असताना बटण दाबू नका, पंप कोरडा चालला की जळतो.

वीज. बऱ्याच मशीन 1350 ते 1450 वॉटच्या असतात, म्हणजे साधारण सहा अँपिअर. साधं सॉकेट तेवढ्यालाच बनलेलं असते, त्याच बोर्डावर मायक्रोवेव्ह लावला तर मी सांगायची गरज नाही. पॉवर प्लगजवळच जागा करा. अर्थिंग तपासून घ्या, पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत. एक्स्टेंशन बोर्ड नको, घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. आणि अमेरिकेतून कोणी आणली असेल तर मागची पाटी वाचल्याशिवाय पिन लावू नका. 120 व्होल्टची कॉइल आपल्या 230 वर साडेतीनपटीहून जास्त तापते. अशी एक माझ्याकडे आली होती, नवी कोरी, आयुष्य चार सेकंद.

दूध फ्रिजमधून काढल्या काढल्या फेटायचं. मे महिन्यात ओट्यावर पाच मिनिटं राहिलेलं दूध फेस धरायच्या आधीच तापून जाते. भांडंही थंड करून घ्या. मशीनच्या वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या अगदी वरच्या थराला ठेवा, आणि भांड्याला हात लावून धरवेनासं झालं की थांबा, 60-65 डिग्री झालेले असतात. फुल क्रीम असो की टोन्ड, फेस दोन्हीचा होतो, जाडी वेगळी. फेटून झालं की नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसून एकदा वाफ सोडा. आत वाळलेलं दूध मी टाचणीनं किती कोरून काढलं असेल!

पैसे देण्याआधी शेवटचं विचारा: सर्व्हिस नागपुरात होते की पुण्या-मुंबईला पाठवावी लागते? रबर गॅस्केट, जाळी, पंप सुटे मिळतात का? "सर, काही बिघडतच नाही," असं उत्तर आलं तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.

त्या मॅडमची मशीन मी साफ करून दिली, जाळी बदलायला सांगितली, शंभर टक्के कॉफी आणायला सांगितली. पंधरा दिवसांनी परत आल्या. म्हणाल्या, काका, मला ती फिल्टरचीच बरी लागते. मशीन आता माझ्या फळीवर आहे, आणि मुलाचा फोन आला की त्या सांगतात, दुरुस्तीला दिली आहे.